नापासांची नेमणूक

परीक्षेत नापास होणे ही नागरी जीवनात मुख्यतः कौटुंबिक स्वरूपाची घटना असते. निकाल लागतो, वडील दोन दिवस वर्तमानपत्राआड बसतात, आई देवापुढे आणि शेजारीण खिडकीपुढे उभी राहते, मामा ओळखीच्या क्लासवाल्याचे नाव सुचवतात, आणि प्रकरण फेरपरीक्षेच्या वारीवर किंवा, विद्यापीठाच्या पातळीवर असल्यास, एटीकेटी नावाच्या त्या दयाळू तरतुदीवर येऊन थांबते, जिच्यामुळे काही विषय मागे ठेवूनही विद्यार्थ्याला पुढल्या वर्गात बसता येते. या साऱ्या प्रकारात नापास झालेल्याचा एक हक्क शेवटपर्यंत अबाधित असतो, तो म्हणजे परीक्षेचा नाद सोडून घरी बसण्याचा. सैन्यात नेमका हाच हक्क नसतो. तेथे नापास होणे ही प्रशासकीय घटना आहे. तिला नमुने आहेत, समित्या आहेत, अपिले आहेत, आणि नापास झालेला माणूस ही जमाखर्चाच्या वहीतील अशी रक्कम आहे की जी खोडता येत नाही, फक्त दुसऱ्या रकान्यात मांडता येते.

या व्यवस्थेचे अत्यंत विकसित रूप अमेरिकेच्या सैन्यदलांत पाहावयास मिळते. तेथे १९७३ साली सक्तीची भरती थांबली आणि तेव्हापासून सैनिक स्वेच्छेने, म्हणजे लेखी कराराने, दाखल होतो. हा करार सामान्यतः एकूण आठ वर्षांच्या बांधिलकीचा असतो, ज्यांतील काही वर्षे प्रत्यक्ष सेवेत आणि उरलेली राखीव दलात मोजली जातात. करारापूर्वी उमेदवाराला ‘ॲसव्हॅब’ या नावाने ओळखली जाणारी कल चाचणी द्यावी लागते, जिच्यात अंकगणित, शब्दसंग्रह, उताऱ्याचे आकलन, यंत्रांची समज, वीज आणि मोटारदुरुस्ती असे विषय असतात. त्यांतील काही भागांवरून १ ते ९९ या दरम्यानचा शतमक, म्हणजे शंभर समवयस्कांच्या रांगेतील उमेदवाराचे स्थान, काढला जातो, आणि ज्याचे स्थान दहाच्या खाली येते त्याला भरती करून घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. चाचणीच्या भागांतील गुणांच्या निरनिराळ्या बेरजा करून हा तरुण रडार दुरुस्त करील, दाताच्या डॉक्टरला मदत करील, हवामान सांगील की भात शिजवील याचे भाकीत वर्तवले जाते. भरती अधिकारी हे भाकीत ज्या आत्मविश्वासाने वाचून दाखवतो तो पाहता पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींची आठवण व्हावी. फरक इतकाच की छत्तीसच्या छत्तीस गुण जुळल्यानंतरचे गुरुजींना पाहावे लागत नाही, आणि भरती अधिकाऱ्यालाही लागत नाही.

कराराच्या जोडपत्रात उमेदवाराला विशिष्ट कामाची हमी दिलेली असते. त्याच जोडपत्रात, तरुणाची नजर सहसा पोहोचत नाही अशा ठिकाणी, असेही नमूद असते की त्या कामाचे प्रशिक्षण त्याला पूर्ण करता आले नाही तर हमी संपेल, मात्र बांधिलकी संपणार नाही, आणि पुढे त्याला सैन्याच्या गरजेप्रमाणे नेमण्यात येईल. नोकरी मिळावी म्हणून परीक्षा देणारे लोक जगात सर्वत्र आढळतात. येथे मात्र नोकरी आधी लागते, ती सोडता येत नाही, आणि तीत काय करावयाचे याची परीक्षा त्यानंतर होते. म्हणून येथे नापास झालेल्याची नोकरी सहसा जात नाही, जाते ती फक्त त्याची निवड. आणि अठरा वर्षांच्या मुलाने आयुष्यात प्रथमच केलेली निवड इतक्या व्यवस्थितपणे परत घेणारी दुसरी संस्था, घर वगळता, दाखवणे कठीण आहे.

मूलभूत प्रशिक्षण, म्हणजे धावणे, नेमबाजी, पलंगावरची चादर ताणून बसवणे आणि कानाशी कोणी ओरडत असताना चेहरा न हलवणे या कलांचा प्राथमिक अभ्यासक्रम, संपल्यावर सैनिक आपल्या कामाच्या शाळेत जातो. ही शाळा काही आठवड्यांत आटोपते किंवा वर्षाहून अधिक काळ चालते. तेथील एखाद्या चाचणीत तो नापास झाला की यंत्रणा रागावत नाही, कारण रागावण्यासाठी वेगळा नमुना छापलेला नाही. जो छापलेला आहे तो समुपदेशनाचा. भूदलात त्याचा क्रमांक ४८५६ असून, झालेल्या चर्चेचे मुद्दे, सुधारणेची योजना आणि ती घडवून आणण्यात वरिष्ठाची जबाबदारी यांसाठी त्यात स्वतंत्र जागा राखलेल्या आहेत. शेवटी सैनिकाने वरील मजकुराशी आपण सहमत आहोत की असहमत हे खुणेने दर्शवून सही करावयाची असते. असहमतीची खूण केल्याने निकाल बदलत नाही. लोकशाही राष्ट्राच्या सैन्यातही मतदानाची सोय आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. यानंतर संध्याकाळचा सक्तीचा अभ्यासवर्ग, मग फेरपरीक्षा, आणि तीतही अपयश आल्यास बहुधा ‘रीसायकल’ नावाची पायरी येते, म्हणजे सैनिकाला मागून येणाऱ्या तुकडीत बसवून तोच भाग पुन्हा शिकवला जातो.

तरीही यश आले नाही तर प्रकरण वरिष्ठांपुढे जाते आणि तेथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो, तो असा की हा मनुष्य प्रामाणिकपणे नापास झाला आहे काय. कारण आवडते काम पदरात पाडून घेण्यासाठी नावडत्या कामाच्या परीक्षेत मुद्दाम कोरी उत्तरे देणारे लोकही असतात, आणि त्यांचा डाव यशस्वी होऊ द्यावयाचा नाही हा यंत्रणेचा कटाक्ष असतो. त्यामुळे सैनिकाला आपली निष्ठा, अभ्यासाचे तास, शिक्षकांचे शेरे आणि रात्रीची जागरणे पुढे करून असे दाखवावे लागते की, आपण सर्व शक्ती पणाला लावली होती आणि तरीही आपल्याला काही आले नाही. स्वतःच्या अकर्तृत्वाचा असा साधार पुरावा नागरी जीवनात कोणाकडून मागितला जात नाही. तेथे तो लोक आपणहून गोळा करतात.

निर्णय होईपर्यंत, आणि झाल्यावर नवी शाळा सुरू होईपर्यंत, नापास सैनिक अधांतरी असतो. या अवस्थेतील माणसांना अमेरिकी भूदलात ‘होल्डओव्हर’ म्हणतात, आणि त्यांच्या वाट्याला हिरवळ कापणे, जिने झाडणे, पहारा देणे, सामान हलवणे आणि फरशीला यंत्राने चकाकी आणणे ही कामे येतात. ज्यांना अजून कोणतेही काम येत नाही असे अधिकृतपणे ठरलेले आहे त्यांच्याकडूनच छावणीची बरीचशी कामे करून घेतली जातात. कोणत्याही छावणीतील चकचकीत फरशी पाहून अभ्यागताने तेथील शिस्तीचे कौतुक करण्यापूर्वी, तेथील शाळेच्या निकालाची चौकशी करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

यानंतर येते ती ‘रीक्लास’, म्हणजे कामाची फेरनेमणूक. सैनिकापुढे काही पर्याय ठेवले जातात, काही वेळा त्याची पसंतीही विचारली जाते, परंतु त्या यादीत तीच कामे असतात ज्यांत त्या आठवड्यात माणसे कमी आहेत, आणि माणसे ज्या कामात कमी पडतात त्या कामाची गोडी सर्वांना आधीपासून ठाऊक असते. उपग्रहसंदेशांच्या परीक्षेत अडलेला तरुण इंधनाचे टँकर हाकू लागतो, क्ष-किरणांत अडलेला गोदामात मोजणी करतो, आणि हवाई दलाच्या सैनिकांत तर असा समज दृढ आहे की सर्व अवघड शाळांचा मागील दरवाजा तळाच्या फाटकावरील पहाऱ्याच्या चौकीत उघडतो. सेवेच्या अगदी आरंभी कधीकधी सैनिकाला घरीही पाठवले जाते. मात्र अशा वेळी त्याची मुक्तता सन्मानपूर्वक झाली की अन्यथा हे लिहिले जात नाही, तर तिचे स्वरूप ठरवलेले नाही अशी नोंद होते. घरी परतलेल्या मुलाबद्दल वाडीतल्या मंडळींना नेमके काय म्हणावे हे कळत नसेल, तर सरकारलाही ते कळलेले नाही हा मोठाच दिलासा आहे.

काही शाळांची कीर्ती त्यांच्या नापासांमुळेच वाढलेली आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे येथे समुद्रकाठी सैन्याची भाषाशाळा आहे, जेथे भाषांचे त्यांच्या काठिण्याप्रमाणे चार गट पाडलेले असून स्पॅनिशसारख्या भाषेला ३६ आठवडे तर अरबी, चिनी, जपानी आणि कोरियन यांना ६४ आठवडे दिले जातात. विद्यार्थ्याने कोणती भाषा शिकावी हे बहुधा सैन्य ठरवते, आणि वरच्या गटातील भाषेत तो बुडू लागला तर त्याला पूर्णपणे काढून न टाकता कधीकधी खालच्या गटातील भाषेकडे वळवले जाते. एका संस्कृतीचे लोक काय बोलतात हे ज्याला कळत नाही त्याला दुसऱ्या संस्कृतीचे बोलणे ऐकावयास बसवावे, हा विचार प्रथमदर्शनी धाडसी वाटतो, परंतु त्यामागे खर्चाचा हिशोब आहे: वर्षभर पगार देऊन पोसलेला कान वाया घालवणे परवडत नाही.

भाषेच्या परीक्षेचे परिणाम उत्तीर्ण होणाऱ्यालाही भोगावे लागतात, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकाऱ्यांनी देशी भाषांच्या परीक्षा द्याव्यात अशी अपेक्षा असे, आणि त्यांत यश मिळवणाऱ्याला दुभाष्याच्या जागेची व भत्त्याची आशा धरता येई. १८४२ साली मुंबईत उतरलेल्या रिचर्ड बर्टन या तरुण अधिकाऱ्याने हिंदुस्तानी, गुजराती आणि मराठी या भाषांच्या परीक्षा एकामागून एक दिल्या. त्याच्या आधी आलेल्या जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने तर मराठीत इतके प्रावीण्य मिळवले की त्याच्याकडे थेट कोशरचनेचे काम आले, आणि १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मराठीत नापास झालेले त्याचे सहकारी या काळात आपापल्या पलटणीत निवांत असणार. त्यांच्यापैकी कोणाला ‘ळ’ची वर्णमालेतील जागा ठरवण्यासाठी रात्री जागवाव्या लागल्या नसतील.

पुन्हा अमेरिकेकडे वळायचे तर, तेथील नौदलाची अणुशक्तिशाळा दक्षिण कॅरोलिनातील गूस क्रीक येथे आहे आणि पाणबुड्या व विमानवाहू जहाजांवरील अणुभट्ट्या चालवणारे खलाशी तेथे तयार होतात. अभ्यासाचे साहित्य गोपनीय असल्यामुळे ते इमारतीबाहेर नेता येत नाही, म्हणून गृहपाठ करण्यासाठी घर सोडून शाळेतच थांबावे लागते, आणि गुण जितके कमी तितके तेथे बसण्याचे सक्तीचे तास अधिक असा नियम आहे. घरी वही उघडून तिच्यावर डोके ठेवून झोपण्याची जी प्राचीन विद्यार्थीपरंपरा आहे तिला राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव बंदी असलेली ही एक दुर्मीळ शाळा म्हणावी लागेल. जो यातून गळतो त्याला अणुभट्टीऐवजी नौदलातील दुसरे काम मिळते. कोरोनाडो येथील ‘सील’ या नौदलाच्या विशेष दलाच्या प्रशिक्षणात तर नापास होण्याची वाटही सुटसुटीत केलेली आहे: ज्याला पुढे जमणार नाही त्याने पितळी घंटा तीनदा वाजवावी, आपले शिरस्त्राण इतरांच्या रांगेत ठेवावे आणि नौदलाच्या गरजेची वाट पाहावी. घंटा वाजवल्यावर शाळा सुटते, ही बालपणापासूनची समजूत येथे अक्षरशः खरी ठरते, फक्त त्यानंतर घरी जाता येत नाही.

याउलट पॅराशूट घडी घालणाऱ्यांच्या व्हर्जिनियातील शाळेत निकालाबद्दल वाद उद्भवण्याची शक्यता फार थोडी असते, कारण तेथील विद्यार्थ्याला स्वतः घडी घातलेली पॅराशूट पाठीला बांधून विमानातून उडी मारावी लागते. गुणांची फेरतपासणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पेपर फार कठीण होता ही तक्रार, या तिन्ही गोष्टींना जमिनीपर्यंत पोहोचण्याची पूर्वअट लागू होते. विनोदाचा भाग सोडला तर सैनिकी परीक्षांच्या कठोरपणाचे खरे कारण याच उडीत आहे. शाळेत चुकलेले गणित वहीत राहते. पॅराशूटची चुकीची घडी, चुकीची बांधलेली पट्टी किंवा चुकीचा वाचलेला नकाशा दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर येतो, आणि तो दुसरा कोणत्याही परीक्षेत नापास झालेला नसतो.

नापासांना कोठेतरी नेमण्याची ही विद्या अमेरिकेने शोधलेली नाही. इंग्लंडच्या सैन्यात १८७१ पर्यंत पायदळ आणि घोडदळ यांतील अधिकाऱ्यांचे हुद्दे बव्हंशी पैसे देऊन विकत घेता येत, त्यामुळे गुणांपेक्षा वडिलांची ऐपत अधिक काटेकोरपणे तपासली जाई. कंपनी सरकारने लंडनजवळ ॲडिसकोम येथे १८०९ साली काढलेल्या आणि १८६१ साली बंद झालेल्या लष्करी शाळेत मात्र हिशोब चोख होता: वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी स्थापत्य दलात, त्यांच्या खालचे तोफखान्यात, आणि उरलेले पायदळात जात. हिंदुस्थानातील शिपायांचे थेट नेतृत्व अशा रीतीने ज्यांना पूल बांधता येणार नाहीत असे ठरले त्यांच्याकडे आले. पुढे विन्स्टन चर्चिल सँडहर्स्ट या अधिकारीशाळेच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा अडखळून १८९३ साली तिसऱ्या प्रयत्नात पार झाले, तेही पायदळाला लागणारे गुण न मिळाल्याने घोडदळासाठी. घोडदळात गुण कमी चालत, कारण तेथे घोड्यांचा खर्च घरून करावा लागे आणि त्यामुळे उमेदवार कमी येत. मुलगा पास झाल्याची वार्ता ऐकून वडिलांनी संतापून पत्र लिहावे असा प्रसंग त्यामुळे इतिहासात नोंदला गेला. हेच घोडदळ चर्चिल यांना १८९६ साली हिंदुस्थानात घेऊन आले, आणि मुंबईच्या ससून गोदीत उतरताना लोखंडी कडी पकडण्याच्या खटपटीत त्यांचा खांदा निखळला, जो पुढे जन्मभर त्रास देत राहिला. नावेतून धक्क्यावर उतरण्याचा विषय प्रवेशपरीक्षेला नव्हता.

भारतात या शास्त्राचे माहेरघर पुण्याजवळ खडकवासला येथे आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये ती तेथे नांदू लागली. तिन्ही दलांचे भावी अधिकारी, ज्यांना छात्र म्हणतात, तेथे तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, पदवीचा अभ्यास, कवायत, व्यायाम, पोहणे, घोडेस्वारी आणि मोहिमा यांत काढतात आणि यांपैकी बऱ्याच ठिकाणी नापास होण्याची सोय आहे. पहिल्या सत्रातील छात्राला कवायतीच्या मैदानावरील चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय सुटीच्या दिवशी शहरात जाण्याची मुभा नसते, त्यामुळे सलामीचा हात दोन बोटे खाली आला तर त्याचा परिणाम थेट मिसळीवर होतो. लक्ष्मी रस्त्यावरील गर्दीत जाण्यासाठी आधी चालण्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागावी ही कल्पना वास्तविक सर्व पुणेकरांना लागू करण्याजोगी आहे. लहानसहान चुकांसाठी ‘रगडा’ असतो, म्हणजे कोलांट्या, बैठका आणि धावणे यांचे वरिष्ठांच्या देखरेखीखालील मिश्रण. आणि सिंहगडावर जाऊन येणे ही तेथील जुनी शिक्षा आहे. ज्या गडावर उरलेला महाराष्ट्र रविवारी पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खाण्यासाठी आपखुशीने चढतो, त्याच गडाकडे छात्र वेगळ्या नजरेने पाहतात.

खरा गंभीर परिणाम म्हणजे ‘रेलिगेशन’. ठरलेल्या विषयांत किंवा शारीरिक चाचण्यांत आवश्यक पातळी न गाठणाऱ्या छात्राला एक सत्र मागे ठेवले जाते, आणि असे पुन्हा घडल्यास प्रबोधिनी सोडण्याची वेळ येऊ शकते. वरवर पाहता हा फक्त सहा महिन्यांचा तोटा आहे, परंतु लष्करी समाजरचनेचा आधार ‘कोर्स’, म्हणजे एकाच वेळी दाखल झालेल्या छात्रांची तुकडी, हा आहे. मराठी माणूस ओळख होताच गाव विचारतो; दोन लष्करी अधिकारी एकमेकांना कोर्स विचारतात, आणि त्या उत्तरावरून पुढे कोणी कोणाला ‘सर’ म्हणावयाचे, चहा कोणी सांगावयाचा आणि विनोदावर कोणी हसावयाचे हे ठरते. रेलिगेट झालेल्या छात्राचे कालचे मित्र एका रात्रीत त्याचे वरिष्ठ होतात आणि कालपर्यंत ज्यांना तो रगडा देत होता ते त्याचे सोबती होतात. त्या सोबत्यांची स्मरणशक्ती, जी लष्करी इतिहासाच्या तासाला अनेकदा दगा देते, या एका बाबतीत अत्यंत तल्लख असते. पुढे अधिकारपद मिळाल्यावरही हे सहा महिने ज्येष्ठताक्रमात त्याच्या मागे चालत राहतात. भरपाई एवढीच की त्याला दोन कोर्स लाभतात, दोन स्नेहसंमेलनांची आमंत्रणे येतात आणि दोन्हींची वर्गणी भरावी लागते.

अधिकारी झाल्यावर परीक्षा संपतात असा समज असल्यास तो भारतीय भूदलात फार काळ टिकत नाही. सध्याच्या पद्धतीत दोन वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टन, सहा वर्षांनंतर मेजर आणि तेरा वर्षांनंतर लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे कालमानाने मिळतात, परंतु त्यांतील मेजरच्या वाटेवर ‘पार्ट बी’ आणि त्यापुढच्या वाटेवर ‘पार्ट डी’ अशा लेखी परीक्षा उभ्या असतात. डावपेच, लष्करी कायदा, प्रशासन आणि इतिहास अशा विषयांची तयारी अधिकारी बर्फाळ चौकीत, वाळवंटातील सरावात किंवा रेल्वेच्या प्रवासात करतो, आणि नापास झाल्यास काळ पुढे सरकतो पण हुद्दा जागीच राहतो. अशा अधिकाऱ्याला कोणी रागे भरत नाही. त्याच्या कोर्सच्या सोबत्यांच्या बढतीचे समारंभ एकामागून एक होतात, आणि त्यांत टाळ्या वाजवण्यासाठी त्याला अगत्याने बोलावले जाते. हा परिणाम कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नसूनही सर्वांत प्रभावी असल्याचे मानले जाते.

आतापर्यंत वर्णिलेल्या बहुतेक पद्धतींचा समान धागा असा की नापास झालेला मनुष्य सहसा सैन्यातच राहतो. २०२२ साली भारतात सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने या धाग्याला उलटा पीळ दिला आहे. या योजनेतील सैनिक, ज्याला अग्निवीर म्हणतात, चार वर्षांसाठी भरती होतो आणि मुदतीअखेर गुणवत्तेनुसार कमाल २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. इतरांनी सेवानिधीची रक्कम घेऊन नागरी जीवनात परतावयाचे असते. त्यामुळे प्रशिक्षण उत्तीर्ण झालेले, चाचण्यांत समाधानकारक ठरलेले आणि कोणत्याही विषयात कमी न पडलेले तरुणही घरी जाऊ शकतात. अमेरिकेत नापास झालेला सैनिक आठ वर्षे बांधला जातो आणि येथे पास झालेला चार वर्षांत मोकळा होतो, असे हे दोन टोकांचे प्रयोग एकाच वेळी चालू असल्यामुळे, परीक्षेच्या निकालाचा नोकरीशी नेमका संबंध काय, या प्रश्नावर भावी संशोधकांना पुष्कळ काम मिळेल.

या चर्चेत एका उपेक्षित घटकाचाही विचार करावयास हवा, तो म्हणजे शिक्षक. सैन्याच्या शाळेत एखाददुसरा विद्यार्थी नापास झाला तर दोष त्याचा. अर्धा वर्ग नापास झाला तर वरून चौकशी येते आणि मग समुपदेशनाच्या टेबलाची दुसरी बाजू शिक्षकाच्या वाट्याला येऊ शकते. म्हणून फेरपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उजळणी घेताना शिक्षक ज्या वाक्यांवर पायाने जमिनीवर टक्टक् करतो, ती वाक्ये वहीत अधोरेखित करण्याची प्रथा अमेरिकी छावण्यांतून सुप्रसिद्ध आहे. या टक्टकीचा अर्थ ज्याला कळत नाही तो मात्र खरोखरच नापास होण्यास पात्र समजावा, कारण आवाज ओळखून सावध होणे हा सैनिकी शिक्षणाचा पहिलाच धडा असतो.

नापास होण्याच्या परिणामांबद्दल सैन्यांनी इतका सविस्तर विचार केला असला तरी उत्तीर्ण होण्याच्या परिणामांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आहे, आणि त्याचा पुरावा अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट या अधिकारीशाळेत सापडतो. १८५४ साली तेथून जेम्स व्हिसलर या विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आले, कारण रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्याने सिलिकॉन हा वायू असल्याचे सांगितले. सिलिकॉन वायू असता तर आपण मेजर जनरल झालो असतो, असे तो पुढे म्हणत असे. चित्रकलेत तो वर्गात पहिला होता, म्हणून त्याला सागरकिनाऱ्याच्या पाहणी खात्यात नकाशे कोरण्याचे काम मिळाले. तेथे तो नकाशाच्या कडेला माणसांचे चेहरे काढू लागला, लवकरच बाहेर पडला, युरोपात गेला आणि त्याने १८७१ साली काढलेले आईचे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. व्हिसलरला काढल्यानंतर सात वर्षांनी, १८६१ साली, त्याच शाळेतून जॉर्ज कस्टर ३४ जणांत ३४वा येऊन उत्तीर्ण झाला. यादवी युद्ध सुरू झालेले होते, अधिकाऱ्यांची निकड होती, आणि सैन्याच्या गरजा या विषयात पूर्ण गुण असल्यामुळे तो तेविसाव्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाला. १८७६ साली लिटल बिगहॉर्न येथे शत्रूची संख्या कमी लेखून आणि आपल्या फौजेचे तुकडे करून त्याने चढाई केली, आणि त्या लढाईत त्याच्यासह अडीचशेहून अधिक सैनिक मारले गेले.

व्हिसलरच्या नापास होण्याने सैन्याचे नुकसान झाल्याची कोठेही नोंद नाही, आणि कस्टरच्या उत्तीर्ण होण्याबद्दल कोणालाही समुपदेशनाचा नमुना भरावा लागला नाही. वेस्ट पॉइंटमध्ये शेवटच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्याला ‘बोकड’ म्हणण्याची आणि वर्गबंधूंनी त्याला प्रत्येकी एक डॉलर देण्याची परंपरा पडली, एवढीच काय ती दखल घेतली गेली. शतकांच्या अनुभवातून नापासांसाठी फेरपरीक्षा, अभ्यासवर्ग, समिती, फेरनेमणूक आणि सिंहगड अशी सांगोपांग व्यवस्था उभी राहिली, कारण ज्याला येत नाही तो सर्वांना दिसतो आणि त्याची काळजी घेता येते. ज्याला जेमतेम येते त्याच्यासाठी मात्र सर्व सैन्यांत एकच विधी आहे, तो म्हणजे दीक्षान्त संचलन. आणि त्यात सर्वांची पावले एका तालात पडावीत म्हणून इतकी मेहनत घेतलेली असते की पहिला कोणता आणि शेवटचा कोणता हे सलामी घेणाऱ्यालाही ओळखता येत नाही.